संत तेरेजा : एक वाचक

महाराष्ट्रात 2015 सालापासून 15 ऑक्टोबर हा दिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा तो जन्मदिवस. ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत हीच तारीख आविलाच्या संत तेरेजाच्या सणाची आहे. हा निव्वळ योगायोग होय. सोळाव्या शतकातील स्पेनमधल्या एका कार्मेल संन्यासिनीचे स्मरण शासनाला झाले असेल असे मानण्याचे काहीच कारण नाही. परंतु योगायोगातही कधीकधी औचित्य साधले जाते. संतमंडळात ग्रंथांवर जन्मभर प्रेम करणारे जेरोम आहेत, ऑगस्टीन आहेत; पण ते दोघेही लॅटिनचे जाडे पंडित. तेरेजाला लॅटिन येत नव्हते. तिचे सारे वाचन घरच्या भाषेत, म्हणजे कॅस्टिलच्या स्पॅनिशमध्ये झाले. तुमच्याआमच्यासारखी, मातृभाषेत वाचणारी, मिळेल ते वाचणारी आणि पुस्तक नसले की बेचैन होणारी ही बाई होती. (लिझ्यूची छोटी तेरेजा वेगळी, ती हिच्यानंतर तीन शतकांनी जन्मली.)

तेरेजाने आत्मचरित्राचा पहिला खर्डा 1562 साली पूर्ण केला. आज उपलब्ध असलेली प्रत 1565 ची. आध्यात्मिक मार्गदर्शन करणाऱ्या धर्मगुरूंच्या आज्ञेवरून तिने हे लेखन केले. भाविक वाचक या ग्रंथाकडे जातात ते साक्षात्कारांसाठी, प्रार्थनेच्या पायऱ्यांसाठी. ते योग्यच आहे. मात्र हा ग्रंथ पुन्हा वाचताना आम्हांला दर वेळी निराळीच गोष्ट जाणवत आली : या आत्मचरित्रातील जवळजवळ प्रत्येक वळणावर एक पुस्तक उभे आहे. माणसांची नावे ती बहुधा गाळते, पुस्तकांची मात्र पुष्कळदा सांगते. म्हणून येथे आम्ही या ग्रंथाचा विचार एका वाचकाचे आत्मवृत्त म्हणून करीत आहोत.

आरंभ वडिलांपासून होतो. आलोन्सो सांचेस दे सेपेदा हे आविलातील प्रतिष्ठित गृहस्थ. चांगले ग्रंथ वाचण्याची त्यांना आवड होती आणि मुलांना वाचता यावेत म्हणून स्पॅनिश भाषेतील ग्रंथ त्यांनी घरात ठेवले होते. संतांची चरित्रे वाचून लहानगी तेरेजा आणि तिचा भाऊ रोद्रिगो हुतात्मे होण्यासाठी मूर लोकांच्या देशी जायला निघाले, ही कथा आपल्या मुलांनाही धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकायला मिळते. तिच्याकडे वाचकाच्या नजरेने पाहावे. सात-आठ वर्षांची मुलगी पुस्तकात वाचलेले खरे मानते आणि तडक घराबाहेर पडते. वाचन आणि करणे यांत तिने अंतर ठेवले नाही. हा स्वभाव पुढे कधीच बदलला नाही.

दुसरे प्रकरण आईचे आहे, आणि ते आम्हांला साऱ्या ग्रंथात अधिक जिव्हाळ्याचे वाटते. बेआत्रिस दे आउमादा हिचे लग्न कोवळ्या वयात झाले. लागोपाठ बाळंतपणे, सततचे आजारपण, आणि तेरेजा बारा-तेरा वर्षांची असताना मृत्यू. या बाईला एकच विरंगुळा होता, तो कादंबऱ्यांचा. शूर सरदार, राक्षस, मंतरलेले किल्ले, विरहिणी राजकन्या यांच्या त्या अद्भुतरम्य कथा. 1508 साली छापलेली 'आमादीस दे गाउला' ही त्यांतली अग्रणी. आपल्याकडच्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्या ज्यांनी चाळल्या असतील त्यांना त्या जातीची कल्पना येईल. वडिलांना ही पुस्तके मुळीच खपत नसत. म्हणून मायलेकी ती त्यांच्या नजरेआड वाचीत. आईविषयी तेरेजा दोन गोष्टी आवर्जून नोंदवते. एक, या वाचनापायी आईने घरकामात कधी कसूर केली नाही. दोन, आपल्या यातनांचा विसर पडावा आणि मुलांचे मन भलतीकडे जाऊ नये म्हणून ती वाचीत असावी. चाळिशी उलटलेल्या, संन्यस्त लेकीने मागे वळून आईला दिलेला हा न्याय आहे. चूल आणि पाळणा सांभाळून, पतीच्या पावलांचा कानोसा घेत वाचणारी ही स्त्री आम्हांला परकी वाटत नाही. उशीखाली कादंबरी ठेवणाऱ्या आया-मावश्या आपल्याही घरांतून होऊन गेल्या आहेत.

आईचा न्याय करताना उदार असणारी तेरेजा स्वतःच्या बाबतीत मात्र कठोर होते. दिवसाचे आणि रात्रीचे कितीतरी तास आपण या पुस्तकांत घालवले, नवे पुस्तक हाती नसले की जिवाला चैन पडत नसे, आणि येथूनच आपले पाऊल घसरू लागले, असे ती लिहिते. संतचरित्रांच्या लहान पुस्तिकांतून एवढेच वाक्य उचलले जाते. त्याला जोडूनच संत इग्नाशियसचे उदाहरण येते. 1521 साली पांप्लोना येथे पायावर तोफगोळ्याचा मार बसून ते लोयोलाच्या वाड्यात पडून होते. त्यांनी अशाच कादंबऱ्या मागितल्या; घरात त्या नव्हत्या; म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे हाती आली, आणि पुढचा इतिहास घडला. कादंबरी वाईट, संतचरित्र चांगले, असा सरळ हिशेब यातून मांडण्यात येतो. मराठी ख्रिस्ती घरांत हा हिशेब विशेष चमत्कारिक वाटायला हवा. कारण मराठीतील पहिली म्हणून गणली जाणारी 'यमुनापर्यटन' ही कादंबरी 1857 साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकानेच लिहिली. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते हे खरे, पण त्यामुळे कादंबरीचा दोष घटतो असे कोणी म्हणणार नाही.

आम्हांला हा हिशेब मान्य नाही, आणि त्याची कारणे तेरेजाच्याच लेखनात सापडतात. पहिले असे की, हे आत्मवृत्त ज्यांच्यापुढे ठेवायचे होते ते वाचक तिचे परीक्षक होते. आपल्यावरील ईश्वरी कृपा ठळक दिसावी यासाठी आपले दोष ठळक करणे हा या लेखनप्रकाराचा धर्मच आहे. संत ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनात, व्हर्जिलच्या काव्यातील डिडो राणीच्या मरणावर आपण बालपणी अश्रू ढाळले याचा मोठा पश्चात्ताप व्यक्त केला आहे. तेरेजाने आपले लेखन हाती घेतले त्यापूर्वी काही वर्षे हा ग्रंथ वाचला होता. कादंबरीवाचनाच्या पश्चात्तापाला तिथून वळण मिळाले असावे, असा आमचा तर्क आहे. पाप म्हणून सांगायला पुस्तकांचे वेड हे तसे सोयीचे पाप आहे. कोणाचे नाव घ्यावे लागत नाही.

दुसरे कारण अधिक वजनदार आहे. तेरेजाचे पहिले चरित्रकार, येशूसंघीय धर्मगुरू फ्रान्सिस्को दे रिबेरा यांनी 1590 साली असे नमूद केले की, तेरेजाने आणि तिच्या भावाने मिळून त्या वयात अशीच एक वीरकथा रचली होती. ती कथा आज उपलब्ध नाही. परंतु मुलगी केवळ वाचून थांबली नव्हती. तिचा हात तेव्हाच लिहिता झाला होता. पुढे मठांच्या स्थापनेचा वृत्तान्त तिने लिहिला. एकूण सतरा मठ. त्यांसाठी बैलगाड्यांतून, खेचरांवरून केलेले प्रवास, पुरात सापडलेल्या गाड्या, किडामुंगीने भरलेल्या धर्मशाळा, रात्रीच्या अंधारात ताब्यात घेतलेली पडकी घरे, तोंडावर दार लावणारे अधिकारी. कथा कुठे थांबवावी, संकट कुठे वाढवावे, विनोदाची चिमूट केव्हा टाकावी, हे ज्या हाताला उमगले आहे त्या हाताने बालपणी कथा वाचल्या होत्या हे सांगायला चरित्रकाराची साक्ष काढावी लागत नाही. आणि 1577 साली लिहिलेल्या 'अंतरीचा किल्ला' या ग्रंथात आत्म्यासाठी तिला सुचलेली प्रतिमा कोणती? स्फटिकासारखा पारदर्शक किल्ला, त्यातील सात परींची दालने, भोवतालच्या खंदकात सरपटणारे विषारी जीव, आणि अगदी आतल्या दालनात वास करणारा राजा. ही कल्पना केवळ कादंबऱ्यांतून आली असा आमचा आग्रह नाही. आविला हे तटबंदीचे नगर आहे आणि किल्ल्याची उपमा तिने वाचलेल्या भक्तिग्रंथांतूनही आढळते. पण त्या किल्ल्यात वाचकाला पुढच्या दालनात जाण्याची जी ओढ लागते, ती ओढ भक्तिग्रंथांनी तिला शिकवली असेल असे आम्हांला वाटत नाही. याच कादंबऱ्यांच्या वाचनाने 'डॉन किहोटे' वेडा झाला, असे सर्वांतेसने 1605 साली दाखवले. वाचनाचे वेड दोघांचे एकच. एक पवनचक्क्यांवर धावून गेला, दुसरीने मठ उभारले.

कादंबऱ्यांनंतरचा काळ तिने भराभर सांगितला आहे, आणि त्यात एक प्रसंग असा आहे की जो वाचून हसू आल्यावाचून राहत नाही. ओर्तिगोसा या खेड्यात तिचे चुलते पेद्रो राहत. विधुर, विरक्त वृत्तीचे गृहस्थ. त्यांच्याकडे मुक्काम पडला असता ते पुतणीला धार्मिक ग्रंथ मोठ्याने वाचून दाखवायला सांगत. तिला ती पुस्तके आवडत नव्हती. पण चुलत्यांचे मन मोडू नये म्हणून आवडतात असे तिने भासवले! पुढे तीच पुस्तके तिच्या मनात रुजली. वडिलधाऱ्यांसमोर सक्तीने वाचायला बसवल्या गेलेल्या मुलांचे वाचन वाया जातेच असे नाही, एवढे यातून दिसते. सक्ती करणाऱ्यांनी याचा फार आधार घेऊ नये. प्रत्येक मूल तेरेजा नसते.

मठप्रवेशाचा निर्णय वडिलांना सांगण्याचे धैर्य तिला संत जेरोमच्या पत्रांनी दिले. 1535 साली तिने आविलातील 'एन्कार्नासिओन' मठात प्रवेश केला. तीन वर्षांनी दुखणे बळावले. उपचारासाठी नेत असताना त्याच चुलत्यांनी तिच्या हाती फ्रान्सिस्को दे ओसुना या फ्रान्सिस्कन लेखकाचा ग्रंथ ठेवला. मौन प्रार्थना कशी करावी हे तिला शिकवणारा जिवंत गुरू त्या वेळी कोणी नव्हता. वीस वर्षे मनाजोगा मार्गदर्शक भेटला नाही असे ती म्हणते. ते काम ओसुनाच्या छापील पानांनी केले. 1539 च्या ऑगस्टमध्ये ती चार दिवस निश्चेष्ट पडली होती, मठात तिच्यासाठी कबरही खणून ठेवली होती. त्यातून ती वाचली, पण पुढची तीनएक वर्षे अंथरुणालाच खिळून होती. संत ग्रेगरी यांनी ईयोबावर लिहिलेल्या विवेचनाचा आपल्याला त्या काळी आधार झाला हे नमूद करायला ती विसरत नाही.

वाचनाच्या सवयीविषयी तिने जे सूक्ष्म निरीक्षण केले आहे ते आम्हांला इतरत्र क्वचितच आढळले. अठरा वर्षांच्या काळात, ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरचे क्षण सोडल्यास, पुस्तक हाती नसताना प्रार्थनेला बसण्याची तिची छाती झाली नाही. पुस्तक हे तिला सोबतीसारखे किंवा ढालीसारखे वाटे. कधी ती थोडे वाची, कधी पुष्कळ, आणि कधीकधी पुस्तक नुसते उघडले तरी पुरे होई; सैरभैर झालेले मन जाग्यावर येई. पुस्तक नसले की विचारांची टोळधाड येऊन पडे. हे वर्णन मोठ्या योगिनीचे आहे हे क्षणभर विसरावे. बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, न वाचताही मांडीवर पुस्तक धरून बसणाऱ्या माणसाला त्या ढालीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. शेत, पाणी, फुले पाहूनही आपले मन एकाग्र होई, तीही आपल्यासाठी पुस्तकेच होती, असेही ती सांगते.

1554 साली ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'चे स्पॅनिश भाषांतर सालामान्का येथे प्रसिद्ध झाले. तेरेजा तेव्हा 39 वर्षांची होती. बागेतील हाक ऑगस्टीनला ऐकू येते तो भाग वाचताना ती हाक आपल्यालाच आली असे तिला वाटले आणि ती बराच वेळ रडत राहिली. भाषांतरकाराच्या वाट्याला कौतुक सहसा येत नाही. म्हणून सेबास्तियान तोस्कानो हे त्या भाषांतरकाराचे नाव येथे लिहून ठेवावेसे वाटते. लॅटिन ग्रंथ बाराशे वर्षांपूर्वीपासून होताच. तिच्यापर्यंत तो पोहोचला तो भाषांतर झाले तेव्हा.

पुढे तिला जे अनुभव येऊ लागले ते शब्दांत सांगता येईनात. तेव्हा तिने बेर्नार्दिनो दे लारेदो यांचा ग्रंथ घेतला, आपल्या स्थितीशी जुळणाऱ्या ओळींवर खुणा केल्या आणि ते पुस्तकच आपल्या दोन सल्लागारांच्या हाती दिले. स्वतःला बोलता येत नसेल तर दुसऱ्याच्या वाक्याखाली रेघ ओढावी, ही युक्ती प्रत्येक वाचकाने कधी ना कधी केलेली असते. सल्लागारांनी निष्कर्ष काढला की हे सारे सैतानाचे आहे. तो पुढे फिरवला गेला, पण तोवर तिने सोसलेले भय त्या प्रकरणात पानापानांतून जाणवते.

आता 1559 सालाकडे येऊ. आदल्या वर्षी वायादोलिद आणि सेविये या शहरांत ल्यूथरच्या मतांचे गट उघडकीस आले होते. स्पेनचे मुख्य इन्क्विझिटर फेर्नांदो दे वाल्देस यांनी निषिद्ध ग्रंथांची यादी जाहीर केली. लोकभाषेतील बायबल तर तीत होतेच. त्याखेरीज प्रार्थनेवरील कितीतरी स्पॅनिश पुस्तके तीत घातली गेली. लुईस दे ग्रानादा, आविलाचे योहान, फ्रान्सिस बोर्जिया या कॅथलिक लेखकांची नावेही सुटली नाहीत. यांतील पुढचे दोघे आज संतपदावर आहेत! लॅटिन जाणणाऱ्यांना वाट मोकळी राहिली. बंद झाली ती लोकभाषेत वाचणाऱ्यांची, आणि मठांतील बहुसंख्य स्त्रिया त्यांत मोडत.

तेरेजाने हे दुःख लपवलेले नाही. काही पुस्तके आपल्याला आनंद देत होती, ती गेली, आणि लॅटिनमधली वाचता येत नाहीत, असे ती साध्या शब्दांत सांगते. त्यानंतर प्रभूने तिला, खेद करू नकोस, आपण तुला सजीव ग्रंथ देऊ, असे आश्वासन दिले. प्रवचनांतून हा प्रसंग नेहमी येतो आणि बहुधा येथेच थांबतो. पुस्तकांची पायरी मागे पडली, ती आता अनावश्यक ठरली, असा त्याचा अर्थ लावला जातो. आमचा मतभेद येथे आहे. तेरेजाने तसा अर्थ लावला असता तर पुढील काही गोष्टी तिच्या हातून घडल्याच नसत्या.

1567 च्या सुमारास आपल्या नव्या मठांसाठी तिने जे नियम लिहिले त्यांत मठप्रमुख भगिनीने कोणती पुस्तके मठात ठेवावीत याची यादीच दिली आहे : कार्थुसियन लुडॉल्फचे ख्रिस्तचरित्र, संतचरित्रांचा संग्रह, 'ख्रिस्ताचे अनुकरण', व्रतस्थांसाठीचे एक पुस्तक, आणि लुईस दे ग्रानादा व आल्कांताराचे पीटर यांचे ग्रंथ. शरीराला अन्न लागते तशी आत्म्याला या खाद्याची काही अंशी गरज आहे, असे कारणही दिले आहे. ज्या मठांत अंगावर जाडेभरडे कापड आणि पायात दोरीच्या चपला, तिथे पुस्तकांची तरतूद नियमात लिहिलेली! ग्रानादा यांचा प्रार्थनेवरील ग्रंथ 1559 च्या यादीत होता. लेखकाने तो सुधारून पुन्हा प्रसिद्ध केल्यावर तेरेजाने त्यांचे नाव आपल्या यादीत घातले. 1575 साली तिने त्यांना पत्र लिहून आभारही मानले. सजीव ग्रंथ लाभलेली संत एका लेखकाला वाचक म्हणून कृतज्ञतेचे पत्र लिहिते, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते.

दुसरी गोष्ट 'पूर्णत्वाचा मार्ग' या ग्रंथाची. तिच्या भगिनींच्या हातून पुस्तके गेली होती, म्हणून तिने स्वतः पुस्तक लिहिले, आणि विषय निवडला 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना. ही प्रार्थना आणि 'नमो मरिया' कोणी तुमच्याकडून काढून घेऊ शकणार नाही, अशा आशयाचे वाक्य तिने पहिल्या प्रतीत लिहिले. हस्तलिखित तपासणाऱ्या धर्मपंडिताचे डोळे उघडे होते. प्रार्थनेची पुस्तके बंद करणाऱ्या इन्क्विझिटरांना ही बाई दोष देत आहे असे दिसते, अशी टीप त्याने समासात लिहून ठेवली. सुधारलेल्या प्रतीत ते वाक्य राहिले नाही. समासातील टीप मात्र आजही वाचायला मिळते, आणि तिच्यामुळेच वाक्याची धार आपल्याला कळते.

येथे गोव्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. 1560 साली इन्क्विझिशन तेथेही आले. नवख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातून त्यांची जुनी पुराणे काढून घेण्यात आली होती. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली, म्हणजे तेरेजाच्या हयातीतच, गोव्यात उतरले. पूर्वीची पुराणे वाचायची नाहीत तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही वाचायला द्या, अशी मागणी लोकांनी केल्याचा प्रसंग 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभी आहे. ते पुराण 1616 साली राचोल येथे छापून झाले, मराठीत. ही तुलना फार ताणू नये. स्पेनमध्ये ख्रिस्ती माणसांचीच पुस्तके त्यांच्या हातून गेली. गोव्यात एका समाजाचा पूर्वापार धर्म आणि वाङ्मय गेले, आणि ती हानी क्रिस्तपुराणाने भरून निघाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही आपल्या भाषेतील पहिल्या थोर ख्रिस्ती काव्याच्या मुळाशी वाचायला काही उरले नाही ही तक्रार आहे, हे मराठी ख्रिस्ती वाचकाने विसरू नये.

तेरेजाच्या स्वतःच्या पुस्तकाचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. एबोलीच्या सरदारघराण्यातील आना दे मेन्दोसा हिने हट्टाने हस्तलिखित मागून घेतले. तिच्या वाड्यात ते नोकरचाकरांच्या हाती पडून त्याची टवाळी झाली असे चरित्रकार सांगतात. पुढे तेरेजाशी बिनसल्यावर तिनेच इन्क्विझिशनकडे तक्रार केली. 1575 साली हस्तलिखित जप्त झाले. दोमिंगो बान्येस या धर्मपंडितांनी अनुकूल अभिप्राय दिला, तरी मूळ प्रत तेरेजाच्या हाती पुन्हा आली नाही. 4 ऑक्टोबर 1582 च्या रात्री तिचा अंत झाला. त्याच रात्री दिनदर्शिकेत सुधारणा होऊन दुसरा दिवस 15 ऑक्टोबर उजाडला. तिचे ग्रंथ 1588 साली सालामान्का येथे छापले गेले. संपादक होते लुईस दे लेओन. बायबलमधील 'गीतरत्न' लोकभाषेत आणल्याच्या आरोपासह इतर आरोपांखाली जवळजवळ पाच वर्षे तुरुंगात काढलेला हा विद्वान. लोकभाषेतील पुस्तकाची किंमत त्याला कोणी सांगायची?

लेखिका म्हणून तिच्यात उणिवा आहेत. ती विषय सोडून भरकटते, भरकटल्याचे स्वतःच सांगते, आणि पुन्हा भरकटते. लिहिलेले पुन्हा वाचायला वेळ नाही अशी तिची कायमची तक्रार. संदर्भ तर तिला कधीच नीट आठवत नाहीत. आत्म्याच्या बागेला चार तऱ्हांनी पाणी मिळते ही तिची प्रसिद्ध उपमा : विहिरीतून हाताने शेंदलेले, रहाटाने आणलेले, ओढ्याचे, आणि पावसाचे. वसईच्या वाड्यांतून फिरणारे रहाट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना दुसऱ्या पाण्याचे श्रम लगेच कळतील. ही उपमा आपण कुठेतरी वाचली किंवा ऐकली असावी, कुठे ते स्मरत नाही, असे ती मोकळेपणाने लिहिते. पंडित लेखकाला हे कमीपणाचे वाटले असते. तिच्या बाबतीत मात्र वाचलेले इतके अंगी मुरले होते की त्यावरचा मूळ मालकाचा शिक्का पुसून गेला होता.

1921 साली एडिथ स्टाइन या ज्यू तत्त्वचिंतक तरुणीने मैत्रिणीच्या घरी हे आत्मचरित्र हाती घेतले आणि ते संपेपर्यंत खाली ठेवले नाही, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ती पुढे कार्मेल संघात गेली, 1942 साली आउश्वित्झ येथे मारली गेली, आणि 1998 साली संतपदी पोहोचली. तेरेजाला 1970 साली पोप सहावे पॉल यांनी ख्रिस्तसभेची 'डॉक्टर' म्हणजे आचार्या म्हणून गौरवले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. लॅटिन न येणारी आचार्या!

आम्ही तेरेजा वाचली ती ई. अॅलिसन पीअर्स यांच्या इंग्रजी भाषांतरातून. भाषांतर विश्वासू आहे, मात्र थोडे अधिक सभ्य आहे. तिच्या बोलीतील घरगुतीपणा त्यात इस्त्री केल्यासारखा होतो. नव्याने वाचणाऱ्यास आमची सूचना अशी की, 'अंतरीचा किल्ला' प्रथम हाती घेऊ नये. आत्मचरित्राची पहिली दहा प्रकरणे आधी वाचावीत. अकरा ते बावीस ही चार पाण्यांची प्रकरणे खुशाल पुढे ढकलावीत. मग मठस्थापनेचा वृत्तान्त घ्यावा, तो घरात मोठ्याने वाचण्याजोगा आहे. किल्ल्याचे दार त्यानंतर उघडावे, आणि सातवे दालन गाठण्याची घाई करू नये.